घुमट वाजवून पोट भरतं का ओ ताई?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या एका सेंटरबद्दल चार ओळी टाकल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं, मेसेज आणि व्हॉइस नोट आल्या की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच देऊन टाकलाय. ज्यांच्या हाती तो अंक लागला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बिल स्ट्रिकलँड नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा, तिथल्या मँचेस्टर नावाच्या गरीब वस्तीत वाढलेला, १९६३ मध्ये शाळेत फ्रँक रॉस नावाच्या आर्टच्या सरांना चाकावर भांडं घडवताना बघतो आणि तिथेच खिळतो, मातीकाम शिकतो, त्या सरांच्या नादाने कॉलेजपर्यंत पोचतो, आणि १९६८ मध्ये आपल्याच वस्तीतल्या मुलांसाठी मँचेस्टर क्राफ्ट्समेन्स गिल्ड काढतो. १९७२ मध्ये बिडवेल नावाचं बुडायला आलेलं जॉब ट्रेनिंग सेंटरपण त्याच्या गळ्यात पडलं, तेही त्याने चालवून दाखवलं. मग शाळकरी पोरं एका बाजूला मातीकाम नि फोटोग्राफी करतायत, आणि काम सुटलेली मोठी माणसं दुसऱ्या बाजूला स्वयंपाक, लॅबचं काम, फार्मसीचं काम, ग्रीनहाऊसमध्ये ऑर्किड वाढवणं असं काय काय शिकतायत, त्याच बिल्डिंगीत जॅझचा हॉल. १९९६ मध्ये त्याला मॅकआर्थर फेलोशिप, म्हणजे अमेरिकेतला मोठा मान, मिळाली. एवढंच होतं त्यात. आता पत्रं.

ताई, आम्ही चार-पाच मैत्रिणी मिळून झुआरीनगरच्या वस्तीत दर रविवारी लमाणी मुलांना चित्रकला आणि डान्स शिकवतो. मुलं आवडीने येतात पण आया म्हणतात, नाचून काय होणार, त्यापेक्षा कुठे कामाला लावा. दोन मुली तर येणंच बंद झाल्या, धाकट्या भावाला सांभाळावं लागतं म्हणून. आमचं काही चुकतंय का? (वास्कोहून एक वाचक)

चुकत नाहीये काही, पण त्या आयापण चुकत नाहीयेत हं. ज्या घरातली माणसं सकाळी नाक्यावर उभी राहतात आणि मुकादमाने उचललं तरच संध्याकाळी बाजार होतो, त्या घरातली बाई "याचं पुढे काय" असं विचारणारच, आणि तुमच्याकडे त्याचं उत्तर तयार पाहिजे. उत्तर असं देऊ नका की तुमची मुलगी मोठी डान्सर होईल, टीव्हीवर येईल वगैरे, कारण ते खरं नाही आणि त्यांनापण माहितीये की ते खरं नाही.

पिट्सबर्गच्या त्या माणसाची मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे त्याने दोन गोष्टींची खिचडी केली नाही. मुलांच्या मातीकामातून कुंभार निघावेत अशी त्याची अपेक्षाच नव्हती, पोरगं शाळेत टिकावं आणि पुढे शिकायला जावं एवढंच त्याला त्यातून पाहिजे होतं. नोकरीचा भाग मोठ्यांकडे, आणि तिथे मात्र त्याने कंपन्यांना, हॉस्पिटलना आधी विचारलं की तुम्हाला कसली माणसं लागतात, मग तसे कोर्स लावले. म्हणजे मुलांच्या क्लासकडून नोकरी मागायची नाही आणि मोठ्यांचं ट्रेनिंग नोकरी कुठे आहे ते बघितल्याशिवाय सुरू करायचं नाही. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं, सहावीतल्या पोरीला "स्किल" शिकवतात आणि तिच्या आईला हळदीकुंकवाला बोलावून रांगोळीची स्पर्धा.

तर आयांना सांगा की तुमची मुलगी इथे येते म्हणून शाळेत जाते, आणि ते खरं आहे की नाही ते तुम्ही स्वतः शाळेत जाऊन बघा, हजेरी विचारा बाईंना. नसेल खरं तर क्लासची वेळ बदला, अभ्यास जोडा, काहीतरी करा. त्या दोन मुलींचं तर सोपं आहे, भावाला घेऊनच या म्हणावं, एका कोपऱ्यात चटई टाका, तुमच्यातली एक जण त्या पिल्लांकडे बघेल.

आणि एक, लमाणी बायकांच्या अंगावरचं ते आरसे-कवड्यांचं भरतकाम बघितलंय ना नीट? तो टाका तुमच्यापैकी किती जणींना येतो? कर्नाटकात संडूरला संडूर कुशल कला केंद्रात लमाणी बायकाच ते काम करतात, विकतात, त्याला जीआय टॅगसुद्धा आहे, म्हणजे त्या भागाची खास वस्तू म्हणून सरकारी मान्यता. तुमच्या क्लासला येणाऱ्या मुलांच्या आया, आज्यांपैकी कुणाला तो टाका येत असेल तर तिला शिक्षिका म्हणून बोलवा आणि मानधन द्या, फुकट नको. मुलं आईला बाहेरच्या लोकांसमोर शिकवताना बघतील, त्याने जेवढं होईल तेवढं तुमच्या वर्षभराच्या डान्सने होणार नाही.

अजून दोन बारीक गोष्टी. अर्धे झिजलेले क्रेयॉन आणि एका बाजूने छापलेले कागद वाटणं बंद करा, गरिबांच्या पोरांना उरलंसुरलं चालतं ही जी आपली समजूत आहे ना, त्याच्याविरुद्धच तर स्ट्रिकलँडने बिल्डिंगीत कारंजं नि ताजी फुलं ठेवली आणि दारात मेटल डिटेक्टर ठेवला नाही. बायण्याला रवींद्र भवन आहे, महिन्यातून एकदा तिथली खोली मिळते का विचारा, वस्तीतल्या मुलांना त्या दारातून आत जायची सवय होऊ दे. आणि मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो इन्स्टावर टाकू नका बाई.

दरवर्षी पंचायतीत महिलांसाठी ट्रेनिंग येतं आणि दरवर्षी तेच, शिवण, ब्युटी पार्लर, लोणची-पापड. दुसरं काही सुचत नाही का यांना? (केपे तालुका)

सुचतं, पण शिवणाची बाई मिळते, मशिनं मिळतात आणि सर्टिफिकेट वाटतानाचा फोटो चांगला येतो. एका वाड्यावर पंचवीस जणी शिवण शिकल्या तर कपडे शिवून घेणार कोण, त्या पंचवीस जणींच्या शेजारणी तर त्याच आहेत. विकत घेणारा गावाबाहेरचा पाहिजे. २००४ मध्ये बायण्याची वस्ती पाडली हे आठवत असेल, त्या देहविक्रीच्या धंद्यातून बाहेर पडलेल्या बायकांसाठी काम करणाऱ्या ‘अर्ज’ नावाच्या संस्थेने शिवण-टिपण न काढता सरळ मोठ्या मशिनांची लाँड्री काढली, स्विफ्ट वॉश नावाची. आता गोव्यात हॉटेलं किती आणि चादरी किती ते मी सांगायला नको. पुढच्या ग्रामसभेत उभ्या राहा आणि विचारा, हे शिकून झाल्यावर माल घेणार कोण, त्याचं नाव सांगा. नाव सांगता आलं नाही तर शिबिर नको म्हणून ठराव घ्या.

ताई, मी १९ वर्षांचा, वाळपईजवळ राहतो. दहावीत गणित आणि सायन्समध्ये उडालो. घुमट आणि शामेळ (आमची गोव्याची तालवाद्यं) चांगलं वाजवतो, चवथीला म्हणजे गणेशचतुर्थीला आरतीला, शिगम्याला लोक लांबून बोलवायला येतात. बाबा म्हणतात आयटीआयला जा नाहीतर हॉटेलात लाग. माझं मन वाजवण्यात आहे. घुमट वाजवून पोट भरतं का ओ ताई? खरं सांगा.

खरं सांगते, नुसत्या घुमटावर नाही भरत. चवथीचे दिवस, शिगम्याचा पंधरवडा, मधे घुमट आरतीच्या स्पर्धा, एखादं लग्न, एखादा सरकारी कार्यक्रम ज्याचं मानधन कधी येईल ते देवालाच ठाऊक, बाकीचं वर्ष काय करणार? पण म्हणून घुमट सोड असंपण मी म्हणणार नाही, जरा थांब, एक जुनी गोष्ट सांगते, आपल्याच गोव्यातली.

पोर्तुगीज काळात चर्चला लागून पॅरिश शाळा असायच्या. तिथे साध्या घरातल्या ख्रिस्ती पोरांना कॉयरसाठी म्हणून स्वरलिपी वाचायला शिकवायचे, व्हायोलिन हातात द्यायचे. उद्देश धार्मिकच होता, नोकरी कुणाच्या मनात नव्हती. पण झालं काय, ती पोरं मोठी होऊन पोटासाठी मुंबईला गेली तेव्हा हॉटेलांच्या बँडना, बोटींवरच्या बँडना आणि पुढे हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रांना नेमकी अशीच माणसं पाहिजे होती, जी समोर कागद ठेवला की लगेच वाजवतात. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यातलेच, प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. सेबास्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांची अरेंजमेंट वर्षानुवर्षं केली. वाजवता तर हजारो लोकांना येत असेल रे त्या मुंबईत, पण कागद वाचता येणारे कमी, आणि पैसे त्या वाचण्याचे होते.

तर तुझ्या वाजवण्याच्या जोडीला तुझा "कागद" कुठला, ते शोधायचं. मला दोन-तीन दिसतात.

पहिला म्हणजे लाइट आणि साउंड. आपल्याकडे जत्रा आली, काला आला की नाटक आलंच, वाड्यावरचीच माणसं दोन-दोन महिने तालमी करतात पण ड्रेपरीवाला, मेकअपवाला, लाइटवाला, साउंडवाला बाहेरून पैसे देऊन आणतात. त्यात तियात्र म्हणजे कोंकणी नाटकं धर, लग्नं धर, २००४ पासून पणजीला इफ्फी हा चित्रपट महोत्सव आहे, २०१६ पासून डिसेंबरात सेरेंडिपिटी हा कला महोत्सव असतो, हॉटेलांचे इव्हेंट तर मोजूच नको. आता सगळे लाइट एलईडीचे, कंट्रोल डेस्कवरून चालतात, आणि वायर ओढणारी पोरं खूप असली तरी लोड किती, अर्थिंग कसं, थ्री फेज काय हे कळणारा सापडत नाही म्हणून कॉन्ट्रॅक्टर रडत असतात. वायरमन हा आयटीआयचा ट्रेड आठवी पासवर मिळतो, दोन वर्षांचा आहे, इलेक्ट्रिशियनला मात्र दहावी लागते. जवळच्या आयटीआयमध्ये जाऊन कुठला ट्रेड आहे ते विचार. आणि दहावी एनआयओएसकडून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेकडून काढून टाक, तू पास झालेल्या विषयांपैकी दोन विषयांचे मार्क तिकडे धरून घेतात. गणित नको असेल तर विषय निवडायला मिळतात तिथे, माहीत होतं? नसणार, शाळेत हे कुणी सांगतच नाही.

दुसरा, घुमट मढवणं शिक. वाजवणारे गावोगाव आहेत, मढवणारे किती उरलेत बघ. मडकं कुंभाराकडून आणायचं, दोन्ही तोंडं तपासायची, कडेला चीर नाही ना ते नखाने वाजवून बघायचं, कातडं भिजवून मोठ्या तोंडावर ताणायचं, दोरीने आवळायचं, सावलीत सुकवायचं. पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे, आता बकऱ्याचं, आणि जुनी माणसं अजून कुरकुरतात की तो आवाज येत नाही. चवथ येते ऐन पावसाळी दिवसांत, बकऱ्याचं कातडं दमट हवेत ढिलं पडतं, मग ऐन आरतीत घुमट "ढब" करतो. यावर ज्याचा हात बसेल त्याच्याकडे घुमटं दुरुस्तीला रांगेने येतील. पण घोरपडीचं कातडं कुणी फुकट आणून दिलं तरी शिवायचं नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात घोरपड पहिल्या शेड्युलमध्ये आहे, सरळ जेल. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, त्यामुळे शाळांत, स्पर्धांत मागणी आहे, पण कायदा कायद्याच्या जागी.

तिसरा, शिकवणं. तुला येतं ते तोंडी येतं, ते बोल लिहून काढायला शिक, जमलं तर गांधर्व महाविद्यालयाच्या तबल्याच्या परीक्षा दे, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा चढत जा. बालभवनात किंवा शाळेत शिकवायचं म्हटलं की कागद मागतात, तिथे शिगम्याला किती टाळ्या पडल्या ते कुणी विचारत नाही.

बाबांना सांग, ताईंनी आयटीआयला जायला सांगितलंय. खूश होतील. तालीम रात्रीच असते, आयटीआय सकाळी, भांडण कशाला?

मी फोंडा तालुक्यातली, वय ६८. आमच्या आज्या-पणज्या देवळात गायच्या, नाचायच्या. कला होती म्हणूनच त्या बांधल्या गेल्या. आमचा समाज वर आला तो शाळेमुळे, कलेमुळे नव्हे. आणि आता तुम्ही लोक गरिबांच्या मुलांना परत नाच-गाणं शिकवा म्हणता. आधी शाळा आणि नोकरी, कला नंतर. माझं म्हणणं छापा.

मावशी, छापलं, आणि एक शब्दही न कापता छापलं.

तुमचं म्हणणं निम्म्याहून जास्त मला मान्य आहे. गोव्यातल्या कलावंत घराण्यांचं गाणं आज आपण अभिमानाने मिरवतो, सूरश्री केसरबाईंच्या नावाने समारोह भरवतो, पण त्या गाण्याला त्या बायकांनी काय किंमत दिली ते बोलायची वेळ आली की सगळे खाली बघतात. राजाराम पैंगीणकरांसारख्या माणसांनी याच समाजातून उभं राहून ती चाल मोडायला आयुष्य घातलं, मुलामुलींना शाळेत घाला, लग्नं करा म्हणून घरोघर फिरले, शिव्या खाल्ल्या. त्याच समाजातले भाऊसाहेब बांदोडकर १९६३ मध्ये गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी गावोगाव प्राथमिक शाळा काढल्या, हा काही योगायोग नव्हे. ज्याला शाळेची किंमत घरातच कळली होती तोच हे करणार.

पण मला दोन बायका आठवतात. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर. दोघी याच मातीतल्या, दोघी अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, दोघींना पद्मभूषण. केसरबाईंचं "जात कहाँ हो" १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून पृथ्वीबाहेर गेलं, हे आपल्या शाळांतल्या किती मुलांना माहीत असेल कोण जाणे. तर केसरबाईंनी आपल्या मुलीला गाण्यात न घालता डॉक्टर केलं, आणि मोगूबाईंनी आपल्या मुलीला गळ्यातलं सगळं दिलं, ती किशोरी आमोणकर. आता यातली कुठली आई बरोबर? मला विचाराल तर दोघी, कारण पहिल्यांदाच त्यांच्या घरात हे आईने ठरवलं होतं, देवळाने नाही, यजमानाने नाही, गावाने नाही. तुमच्या आज्यांना गाणं आलं हा त्रास नव्हता मावशी, गाणं सोडून दुसरं काही करायची सोयच नव्हती, तो त्रास होता.

म्हणूनच मला ते "परंपरा जपा" वाल्यांची भीती वाटते, आणि इथे तुम्ही आणि मी एका बाजूला आहोत. कुंभाराच्या पोराने मडकीच करावीत, महार वाड्यावरच्या पोरीने बांबूच्या पाट्याच विणाव्यात, आणि आपण शहरातल्यांनी डिसेंबरात जाऊन ते "किती अस्सल" म्हणून विकत घ्यावं. परंपरा जपायची ती नेहमी गरिबाने, डॉक्टरच्या मुलाला कुणी सांगत नाही की आजोबांसारखा माडाला चढ. कलेचं शिक्षण द्यायचं तर गवळी-धनगर पोरीच्या हातात कॅमेरा द्या, वेळिपांच्या, म्हणजे आदिवासी घरातल्या मुलाला पियानोपाशी बसवा, भटाच्या पोराला चाकावर बसून हात माखू दे. पणजीत चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन २००९ पासून गरीब घरांतल्या मुलांना व्हायोलिन वगैरे शिकवतं, तिथे जात विचारून वाद्य देत नाहीत.

आणि परंपरेतलंच करायचं तर हिशोब आपल्या हातात पाहिजे. इथून दोन तासांवर कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या आहेत, परशुराम गंगावणे यांनी स्वतःच्या गोठ्याचं म्युझियम केलं, २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे तिकीट, खेळ, चित्रांची विक्री सगळं घरच्यांकडे. हा फरक मोठा आहे.

"कला नंतर" एवढ्यावर मात्र मी अडते. पणजीत, मडगावात ज्यांचं बरं चाललंय त्यांच्या मुलांना कुणी म्हणतं का हो कला नंतर? ट्यूशन, कथ्थक, स्विमिंग, ड्रॉइंग सगळं एकाच आठवड्यात, आयांची नुसती स्कूटरवर धावपळ. नंतरची गोष्ट फक्त ज्याच्याकडे काही नाही त्यालाच सांगतात, आणि ते नंतर कधी येतच नाही. शाळा आधी हे कबूल, पण शाळेतच असू दे ना पेटी-तबला. तुमचा गळा अजून चालतो का? आसपासच्या शाळेत आठवड्यातून एक तास जाल का? विचारतेय आपलं. रागावू नका.

डिचोलीहून लिहितोय. आमचं पिढीजात कुंभारकाम. मुलाने पीएम विश्वकर्मामधून ट्रेनिंग केलं, टूलकिट मिळालं, आता एक लाखाचं कर्ज घ्यावं की नाही यावर घरात वाद. बायको म्हणते बुडेल. तुमचं मत?

आधी बाकीच्या वाचकांसाठी ती योजना काय ते सांगते, कारण पत्रांत गोंधळ दिसतोय. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली केंद्राची योजना, कुंभार, सुतार, लोहार, सोनार, शिंपी, बुरुडकाम, बाहुल्या-खेळणी असे १८ व्यवसाय. वय १८ पूर्ण, घरातल्या एकालाच, सरकारी नोकरी असलेल्या घराला नाही. पाच ते सात दिवसांचं बेसिक ट्रेनिंग, दिवसाला ५०० रुपये स्टायपेंड, १५,००० रुपयांचं टूलकिटचं व्हाउचर, आणि ५ टक्के व्याजाने पहिलं कर्ज एक लाखाचं, ते १८ महिन्यांत फेडलं की पुढे दोन लाखांचं. नोंदणी कॉमन सर्व्हिस सेंटरवर होते आणि पंचायतीकडून तपासणी होते.

आता तुमचं. तुमच्या बायकोचं ऐका, म्हणजे कर्ज घेऊच नका असं नाही, पण तिला भीती का वाटते ते बघा. तिला हिशोब दिसत नाहीये. एका कागदावर लिहा, मातीचा ट्रक केवढ्याला, लाकूड-भुसा किती, एका भट्टीत किती नग जातात आणि किती फुटतात, फुटलेल्यांची मजुरीपण चांगल्या नगांवर पडली पाहिजे, इथेच सगळे कुंभार मार खातात. मुलाचा रोजसुद्धा धरा. बहुतेक घरांत तो धरतच नाहीत आणि मग मडकं स्वस्त आणि पोरगं बेकार. हे करून जर महिन्याचा हप्ता निघत असेल तर घ्या.

गिऱ्हाईक कोण तेपण आधी लिहा. तुमच्याकडे चालण्यासारखं काय आहे, घुमटाची मडकी, वर त्या वाळपईच्या पोराला सांगितलं ते वाचलंत ना, तुमची गाठ पडली तर बरं होईल. मग चवथीच्या चिकणमातीच्या मूर्ती, चित्रशाळेला, म्हणजे मूर्ती घडवणाऱ्यांना लागणारी माती मळून देणं हासुद्धा एक धंदा आहे, मातीच्या मूर्तींना हस्तकला महामंडळाकडून अनुदान मिळतं, प्लास्टर ऑफ पॅरिसवर बंदी आहे तरी बाहेरून येतातच ते वेगळं रडगाणं. तिसरं गिऱ्हाईक म्हणजे रेस्टॉरंटवाले, त्यांना मातीच्या प्लेटी, वाट्या हव्या असतात पण तिथे सगळे नग एका मापाचे, एकावर एक बसणारे, ग्लेझ केलेले लागतात, पाणी झिरपलं की ते परत आणून टाकतात. हे घरच्या भट्टीत होत नाही. खानापूरला, आपल्या बेळगावजवळच्या, खादी आयोगाची सेंट्रल व्हिलेज पॉटरी इन्स्टिट्यूट आहे, मुलाला कर्जाआधी तिथे पाठवा, आता कुठले कोर्स आहेत ते विचारून. जास्त तापमानाची भट्टी काय मागते ते हाताने बघून आला की तो स्वतःच सांगेल एक लाख पुरतो की नाही.

आमचा मडगावातला कौटुंबिक ट्रस्ट आहे. गरीब मुलांच्या कला-शिक्षणासाठी किंवा स्किल सेंटरसाठी पैसे द्यायचेत. बरेच प्रस्ताव आलेत. खरं कोण नि नुसतं प्रेझेंटेशन कोण, कसं ओळखायचं?

प्रेझेंटेशन बघूच नका, दुपारी न सांगता जा. वर्गात मुलं आहेत का, शिक्षकाला पगार किती आणि वेळेवर मिळतो का, संडास कसा आहे. शेवटचं हसण्यावारी नेऊ नका, मुली का गळतात ते तिथे कळतं.

मग स्किल सेंटरवाल्यांना विचारा की मागच्या वर्षी शिकून गेलेल्यांपैकी आज किती जण त्याच कामावर आहेत. "प्लेसमेंट किती" असं विचारलंत तर छान मोठा आकडा सांगतील, कारण पोरगं हॉटेलात एक दिवस जाऊन आलं तरी ते प्लेसमेंट. एक वर्षानंतरचं विचारा आणि त्यातल्या चौघांना फोन लावून द्या म्हणा. कला शिकवणाऱ्यांना नोकरीचं विचारू नका, त्यांना विचारा शाळेतली हजेरी वाढली का, दहावीला किती बसले, आणि तीन वर्षं टिकलेलं पोर आहे का एखादं, त्याच्याशी बोला.

पैसे देताना बहुतेक लोक भिंतीला देतात, म्हणजे हॉल, फरशी, दारावर आजोबांच्या नावाची पाटी. त्याऐवजी एका चांगल्या शिक्षकाचा पाच वर्षांचा पगार द्या. पाटी लावायची हौस असेल तर लावा की, हरकत नाही, पण त्या शिक्षकाचा पगार चालू असेपर्यंत. आणि प्रस्ताव देणाऱ्यांत वस्तीतलं कुणी कमिटीवर आहे का बघा, निदान एक तरी आई. नसेल तर चेक लिहायच्या आधी तेवढी अट घाला.

(पुढच्या अंकासाठी प्रश्न १५ तारखेच्या आत पाठवा. नाव छापायचं की नाही ते लिहा. व्हॉइस नोट दोन मिनिटांपेक्षा लांब नको, मागे कोंबडे आरवतात त्यात मला काही ऐकू येत नाही.)